खिंड सर्वांची, ओळ कवीची

नेसरीचं नाव महाराष्ट्राच्या तोंडी आहे ते एका लढाईमुळे, असं आपण म्हणतो. खरं तर ते एका कवितेमुळे आहे. २४ फेब्रुवारी १६७४ या दिवशी सरनोबत प्रतापराव गुजर या गावाजवळच्या खिंडीत बहलोलखानाच्या फौजेवर मोजक्या स्वारांनिशी चालून गेले आणि पडले, ही हकीकत इतिहासाच्या पुस्तकात जेमतेम परिच्छेदभर. ती घराघरांत पोचवली कुसुमाग्रजांनी, आणि ओठांवर आणून ठेवली हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीने आणि लतादीदींच्या आवाजाने. गडहिंग्लजकडून येणारा पाहुणा स्मारकापाशी थांबतो तेव्हा त्याच्या डोक्यात बखर घोळत नसते, गाणं घोळत असतं.

त्या कवितेची ओळ इथे छापायचा मोह झाला होता. छापली असती तरी कायदा आड आला नसता. समीक्षेसाठी, चर्चेसाठी थोडका उतारा देण्याची मुभा आपल्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात आहे. पण वाचकाला ती पाठ आहे, आणि ज्या पुस्तकाचा विषयच दुसऱ्याची कला वापरणं हा आहे त्याने पहिल्याच पानावर उसनवारी करू नये, एवढाच संकोच.

हे पुस्तक कॉपीराइटविषयी आहे आणि ते नेसरीपासून सुरू होतं. मुंबईतल्या स्टुडिओंची भांडणं वर्तमानपत्रांत येतात, म्हणून हा विषय आपला नव्हे असं गावाकडे वाटतं. प्रत्यक्षात गॅदरिंग बसवणाऱ्या बाई, फ्लेक्स करणारा पोरगा, पोवाडा गाणारं कलापथक, लग्नातला बँड, शिवजयंतीचं मंडळ, ही सगळी माणसं रोज कुणाची ना कुणाची कला वापरत असतात. कायदा त्यांना काही ठिकाणी वाटतं त्यापेक्षा जास्त मोकळीक देतो आणि काही ठिकाणी वाटतं त्यापेक्षा फार कडक आहे. कुठे काय, हे त्यांना कुणी सांगत नाही.

आधी गोष्ट घेऊ. १६७३ च्या एप्रिलमध्ये उमराणीजवळ प्रतापरावांनी बहलोलखानाला कोंडीत धरलं आणि शरण आल्यावर सोडून दिलं. शिवाजी महाराजांना ते पसंत पडलं नाही. खान पुन्हा स्वराज्यावर चालून आला, महाराजांचे शब्द सरनोबतांच्या जिव्हारी लागले, आणि पुढचं सर्वश्रुत आहे. ही हकीकत कृष्णाजी अनंत सभासदाने बखरीत लिहिली, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. राजाराम महाराज हे प्रतापरावांचे जावई. म्हणजे ही गोष्ट सांगवून घेणारा माणूस घरचाच होता. आणि कवितेतला सातचा आकडा? तो १६७४ च्या एप्रिलमध्ये नारायण शेणवी यांनी रायगडाहून मुंबईच्या इंग्रजांना धाडलेल्या पत्रात सापडतो. राजाचा सेनापती दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत आणखी सहा घोडेस्वारांसह मारला गेला, बाकीच्या फौजेची कुमक त्याला पोचली नाही, अशी ती कोरडी बातमी. ज्या आकड्यावर पुढे अख्खा महाराष्ट्र जीव टाकू लागला, तो एका मध्यस्थाच्या कामकाजी पत्रातला आहे.

ही गोष्ट कुणाच्या मालकीची? कुणाच्याच नाही. १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगून टाकलं, की कल्पना, विषय, कथासूत्र आणि ऐतिहासिक वा पौराणिक घटना यांवर कॉपीराइट नसतो. तो असतो त्या मांडण्याच्या पद्धतीवर. तेव्हा प्रतापरावांवर नाटक लिहा, सिनेमा काढा, पोवाडा रचा, कुणाच्या परवानगीची गरज नाही. सात घोडी आणि एक खिंड सगळ्यांची.

पण इतिहास सांगणारा माणूस फक्त घडलेलं सांगत नाही. रिकाम्या जागा तो स्वतःच्या पदरचं घालून भरतो, आणि खरी गुंतागुंत तिथे सुरू होते. शेणव्यांच्या पत्रात त्या सहा स्वारांची नावं नाहीत. आज फलकांवर आणि व्हॉट्सअॅपवर सहाही नावं छातीठोकपणे फिरतात. समजा त्यातलं एखादं नाव एखाद्या लेखकाने कल्पनेने योजलं असेल, आणि वाचकांनी तो इतिहासच मानला असेल. उद्या दुसऱ्याने ते सिनेमात वापरलं तर पहिल्याने काय म्हणायचं? ‘हे मी रचलं’ म्हणावं तर इतिहास म्हणून खपवल्याची कबुली. न म्हणावं तर हक्क गेला. ऐतिहासिक कादंबरीकाराची ही जुनीच पंचाईत आहे. २०१९ साली ‘पानिपत’ हा हिंदी सिनेमा येऊ घातला तेव्हा ‘पानिपत’ कादंबरीचे लेखक विश्वास पाटील, हेही कोल्हापूर जिल्ह्यातलेच, मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सिनेमा थांबवला नाही. तिसरं पानिपत सगळ्यांचं होतं, आणि कादंबरीतलं नेमकं काय उचललं हे दाखवण्याचं ओझं लेखकाच्या शिरावर. माझं मत विचाराल तर कायदा इथे योग्य बाजूने झुकलेला आहे. लेखकाला थोडा अन्याय सोसावा लागला तरी चालेल, पण इतिहासाला कुंपण पडता कामा नये.

आणि हा मुलूख ऐतिहासिक कादंबरीचा बालेकिल्ला आहे हे विसरून चालणार नाही. ‘श्रीमान योगी’चे रणजित देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. ‘छावा’ आणि ‘मृत्युंजय’चे शिवाजी सावंत शेजारच्या आजऱ्याचे. दोन्ही गावं नेसरीहून एसटीच्या टप्प्यात. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ हा सिनेमा आला तो सावंतांच्या कादंबरीवर आधारित असल्याचं जाहीर सांगून आला. संभाजी महाराजांचं चरित्र सगळ्यांचंच असताना, कादंबरीचं नाव न घेता सिनेमा काढणं अशक्य नव्हतं. ते घेतलं गेलं. अशी उदाहरणंही मोजायला हवीत, नाहीतर कॉपीराइटवरचं प्रत्येक पुस्तक म्हणजे नुसती चोऱ्यांची यादी होऊन बसतं.

‘श्रीमान योगी’ हातात घेतलं तर कायद्याची एक गंमत एकाच पुठ्ठ्यात बघायला मिळते. त्या कादंबरीला नरहर कुरुंदकरांची ती गाजलेली लांबलचक प्रस्तावना आहे. आपल्याकडे लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो आणि तो कॅलेंडर वर्ष संपताना संपतो. कुरुंदकर १९८२ मध्ये गेले, देसाई १९९२ मध्ये. म्हणजे २०४२ सरलं की प्रस्तावना मोकळी, आणि कादंबरी त्यानंतर आणखी १० वर्षं हक्कांत. एकाच पुस्तकाची पहिली पानं कुणीही छापू शकेल, पुढची नाही. मूळ ग्रंथाआधी प्रस्तावनाच स्वतंत्र झाल्याचं दुसरं उदाहरण कुणाला माहीत असेल तर प्रस्तावना लिहिणारा माणूस म्हणून मला ते ऐकायला आवडेल.

आता नेसरीच्या गाण्याकडे येऊ, कारण एका गाण्यात किती जणांचा वाटा असतो हे तिथे नीट दिसतं. कविता कुसुमाग्रजांची. ते १० मार्च १९९९ रोजी गेले, म्हणजे शब्दांवरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत. चाल संगीतकाराची, तिची मुदत संगीतकाराच्या आयुष्याला बांधलेली, अधिक ६० वर्षं. आणि ध्वनिमुद्रण तिसऱ्याचंच. ‘शिवकल्याण राजा’ ही ध्वनिमुद्रिका राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने १९७४ मध्ये आली. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, तेव्हा ते २०३४ सरताना मुक्त होईल. पण त्यातले शब्द आणि चाल तेव्हाही मुक्त नसतील. म्हणजे रेकॉर्ड मोकळी झाली म्हणून गाणं मोकळं झालं, असा समज करून घेऊन कुणी १ जानेवारी २०३५ ला कामाला लागू नये.

तेच गाणं दुसऱ्या आवाजात गाऊन बाजारात आणायचं असेल तर २०१२ च्या दुरुस्तीने एक वाट ठेवली आहे: मूळ ध्वनिमुद्रणाला पाच कॅलेंडर वर्षं उलटून गेली की मानधन आगाऊ भरून आणि हे नवं रूप आहे असं स्पष्ट छापून ते करता येतं, मात्र शब्दांत आणि सुरांत मनमानी बदल करता येत नाहीत. अट अशी, की मानधन किमान ५०,००० प्रतींचं भरायचं. भाषा लहान असेल तर हा आकडा खाली आणण्याची तरतूद आहे, पण ती मागायची कुठे आणि किती दिवस, हे कोल्हापुरातल्या एखाद्या होतकरू गायकाला विचारून पाहा.

या गाण्याचा आवाज लतादीदींचा असणं हा योगायोग इथे फार बोलका आहे. गायकाला रेकॉर्डच्या विक्रीतला वाटा मिळाला पाहिजे, हा आग्रह त्यांनी १९६० च्या दशकात धरला. मोहम्मद रफींचं मत उलट होतं: गाण्याचे पैसे घेतले, विषय संपला. त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं बंद केलं. पुढे समेट झाला, द्वंद्वगीतं पुन्हा सुरू झाली, पण प्रश्न तसाच राहिला. गीतकार आणि संगीतकारांना सिनेमाबाहेरच्या वापराचा वाटा मिळेल आणि तो करारात लिहून काढून घेता येणार नाही, अशी व्यवस्था व्हायला २०१२ उजाडलं. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिच्यासाठी भांडून ती पदरात पाडून घेतली. निम्म्या शतकाचा फरक. त्या मधल्या काळात किती मराठी गीतकारांनी एकरकमी शे-पाचशेवर गाणी देऊन टाकली आणि म्हातारपणी रेडिओवर आपलंच गाणं ऐकत बसले, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

शाळेतल्या बाईंचा प्रश्न मात्र सोपा आहे. गॅदरिंगला मुलांना या गाण्यावर घोड्यांचा नाच बसवायचा आहे, चालेल का? चालेल. शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी सादर केलेला कार्यक्रम, समोर पालक आणि शाळेशी संबंधित माणसं, यासाठी कायद्यात वेगळी सूट आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या प्रयोगालाही आहे. लग्नाच्या वरातीला तर नावानिशी सूट आहे. संसदेने वरातीची दखल घेतली हे वाचून बँडवाल्यांना बरं वाटेल. सरकारने किंवा ग्रामपंचायतीने केलेल्या अधिकृत समारंभालाही आहे. शिवजयंती ग्रामपंचायतीची असेल तर प्रश्न नाही; वर्गणीतून डीजे लावणाऱ्या मंडळाची असेल तर वकिलाला काम आहे.

अडचण पुढे येते. गॅदरिंगचं मोबाइलवर चित्रीकरण होतं, रात्री ते यूट्यूबवर चढतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांना ‘कॉपीराइट क्लेम’ची इंग्रजी ई-मेल येते. शाळेत घबराट: पोलीस येणार का? येणार नाहीत. ती कोर्टाची नोटीस नसते. यंत्राने आवाज जुळवून पाहिला आणि रेकॉर्ड कंपनीच्या नावावर दावा टाकला, इतकंच. बहुतेक वेळा व्हिडिओ तसाच राहतो आणि त्यावर जाहिरात लागली तर तिचा पैसा कंपनीला जातो, कधी आवाज बंद होतो. पण दावा निराधार असतो असंही नाही. सूट आहे ती समोर बसलेल्या पालकांसाठी, जगभर प्रसारणासाठी नव्हे. दुसऱ्या बाजूने, यंत्राला ५२ वं कलम ठाऊक नसतं. एखाद्या प्राध्यापकाने चाल समजावून सांगण्यासाठी दहा सेकंद गाणं वाजवलं तरी ते त्याच तत्परतेने दावा टाकतं. कायद्याने दिलेली मोकळीक अशी यंत्राच्या पातळीवर काढून घेतली जाते, आणि दाद मागायला इंग्रजी फॉर्म. १९५७ च्या कायद्यात याची कल्पनाही नव्हती आणि २०१२ च्या दुरुस्तीतही ती पुरेशी नाही.

इथवर पैशाचं आणि परवानगीचं झालं. मला ज्याबद्दल जास्त बोलायचं आहे ते नावाबद्दल.

आपल्या परंपरेत उसनवारीला कधी बंदी नव्हती. एकाची ओवी दुसरीच्या जात्यावर जायची, एका फडाची चाल दुसऱ्या फडात वाजायची. कीर्तनकार दहा संतांचे अभंग एका निरूपणात ओवतो. पण अभंगाच्या शेवटच्या चरणात संताची नाममुद्रा असायची आणि पोवाड्याच्या शेवटी शाहीर आपलं आणि गुरूचं नाव गुंफायचा. छापखाना नव्हता, करार नव्हता, तरी नाव रचनेच्या आत शिवून टाकलेलं. गाणाऱ्याला ते गाळायचं म्हटलं तर चरणच मोडायचा. लबाडी व्हायची ती उलट्या दिशेने: स्वतःच्या ओळींना तुकोबांची मुद्रा लावून त्या खपवायच्या. ती रीत आजही जिवंत आहे. व्हॉट्सअॅपवर कुठलीही बरी-वाईट कविता कुसुमाग्रजांच्या नावावर आणि कुठलाही विनोद पु. लं.च्या नावावर फिरतो. मेलेल्या कवीच्या माथी आपली कविता मारणं हाही त्याच्यावर अन्यायच आहे.

आता गावातला एक फ्लेक्स डोळ्यांसमोर आणा. शिवजयंतीचा किंवा कुणाच्या वाढदिवसाचा, दोन्हीत फारसा फरक नसतो. गडहिंग्लजच्या डिजिटल प्रिंटिंगच्या दुकानात एक तरुण कोरलड्रॉ उघडून बसलेला आहे. गुगलवरून त्याने घोडेस्वारांचं चित्र उतरवलं. कोपऱ्यात चित्रकाराची बारीक सही आहे. ती स्टॅम्प टूलने दोन क्लिकमध्ये धुळीच्या लोटात मिसळली. पुरती मिसळली नाही, तर तिच्यावर शुभेच्छुकांची पट्टी. त्या पट्टीत वीस-पंचवीस चेहरे, प्रत्येकाखाली नाव, गावभरची टोपणनावं, कुणाचं पद, कुणाचा मोबाइल नंबर. एकाचं नाव राहिलं तर संध्याकाळी भांडण आणि फ्लेक्स पुन्हा छापणं. इतकी नावं जपणाऱ्या त्या कापडावर नाव नाही ते एकाच माणसाचं, ज्याने चित्र काढलं. त्या पोरावर माझा राग नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नाही की त्या सहीला काही किंमत असते, आणि गिऱ्हाईक तर ती काढायलाच सांगतं.

कोल्हापुरात याचं मोठं उदाहरण आहे. शिवाजी महाराजांचं जे चित्र महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारलं आणि जे कचेऱ्यांच्या भिंतींवर आपण लहानपणापासून पाहतो, ते कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे यांचं. सिनेमाच्या पोस्टरांवर आयुष्य घालवलेला, २००२ साली गेलेला कलावंत. महाराजांचा चेहरा म्हटल्यावर कित्येकांच्या मनात येतो तो चेहरा या माणसाच्या कुंचल्यातून उतरलेला आहे, आणि त्याच्या जिल्ह्यातसुद्धा तहसील कचेरीतल्या तसबिरीकडे बोट दाखवून ‘हे कुणी काढलं?’ विचारलं तर उत्तर मिळेलच असं नाही. पैशाचा प्रश्न इथे नाही. सरकारने करवून घेतलेल्या कामाचा हक्क बहुधा सरकारचाच असतो. तसबिरीखाली एक ओळ छापायला काय लागतं?

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा पुढे आहे. ५७ वं कलम लेखक-कलावंताला असे दोन हक्क देतं जे कॉपीराइट विकून टाकल्यावरही त्याच्याकडेच राहतात: ही कृती माझी आहे असं म्हणण्याचा, आणि तिची नाचक्की होईल अशी मोडतोड थांबवण्याचा. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी घडवलेलं भव्य कांस्यशिल्प १९७९ साली काढून गोदामात टाकण्यात आलं, त्याचे तुकडे झाले. मालक सरकार होतं. तरी दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली ते शिल्प कलावंताला परत द्यायला लावलं आणि वर पाच लाखांची भरपाई दिली. विकत घेतलं म्हणजे वाटेल ते करता येतं असं नाही, हे या निकालाने पक्कं केलं. २०१२ नंतर कलावंताच्या पश्चात हे दोन्ही हक्क वारसांनाही बजावता येतात.

कायदा जिथे नाव सांभाळत नाही, तिथे मात्र माणसाला स्वतःच्या बुद्धीने वागावं लागतं. शीर्षकांचं घ्या. २०१५ साली ‘देसी बॉइज’ सिनेमाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. त्यामुळे २०२२ मध्ये महेश मांजरेकरांनी या सात वीरांवरचा सिनेमा जाहीर केला आणि त्याला कुसुमाग्रजांची ती प्रसिद्ध ओळच नाव म्हणून दिली, तेव्हा नुसतं शीर्षक म्हणून तिला कायद्याची आडकाठी नव्हती. झलक आली तेव्हा चर्चा रंगली ती शिवकाळात विजेचे दिवे कसे, याची. ओळ कुणाची, हे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ती आपली वाटते. कवीला याहून मोठा मान कुठला, असंही म्हणता येईल. मी तसं म्हणत नाही. ज्या ओळीवर सिनेमाची निम्मी जाहिरात आयती होते, तिच्या कवीचं नाव पोस्टरवर दिसायला हवं, कायदा सांगो न सांगो.

चौकातल्या पुतळ्याचंही थोडं सांगून टाकतो, कारण तो प्रश्न नेहमी येतो. सार्वजनिक जागी कायमचा उभारलेला पुतळा किंवा शिल्प असेल तर त्याचं छायाचित्र, चित्र काढायला आणि छापायला परवानगी लागत नाही. त्याची छोटी फायबरची प्रतिकृती करून सत्कारात स्मृतिचिन्ह म्हणून वाटायची असेल तर शिल्पकाराला विचारावं लागतं. बहुतेक कारखाने विचारत नाहीत.

आता सुधारणांकडे. मुदत हा पहिला मुद्दा. आपल्याकडे ती आधी ५० वर्षं होती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले. १९९१ अखेर त्यांचं साहित्य मोकळं होण्याच्या बेतात होतं आणि विश्वभारतीच्या हातून हक्क जाणार होते. त्या घाईत मुदत १० वर्षांनी वाढली, आणि बंगालसाठी झालेली ही सोय सगळ्या भाषांना लागू झाली. साने गुरुजी १९५० साली गेले, तरी ‘श्यामची आई’ २०१० सरेपर्यंत बांधलेली राहिली. मोकळी झाल्यावर काय झालं ते दुकानात दिसतं: अनेक प्रकाशकांच्या, खिशाला परवडणाऱ्या आवृत्त्या. डॉ. आंबेडकरांचं लेखन २०१६ अखेर मुक्त झालं. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले, तेव्हा ‘फकिरा’ १ जानेवारी २०३० पासून कुणालाही छापता येईल. त्यांच्या वाटेगावच्या एखाद्या ग्रंथालयाने आतापासून तयारीला लागावं. बर्न करार हयातीनंतर ५० वर्षांवर समाधान मानतो. ती वाढीव १० वर्षं काढून टाकली तर आंतरराष्ट्रीय बंधन मोडत नाही. काढावीत, असं माझं मत आहे. वाढीव दशकाने मोजक्या नावाजलेल्या लेखकांच्या वारसांचा फायदा होतो आणि हजारो विस्मृत पुस्तकं आणखी १० वर्षं कपाटात कुजतात.

कुजणाऱ्या पुस्तकांचा प्रश्न वेगळाच आहे. गावातल्या जुन्या ग्रंथालयात पोवाड्यांची पातळ पुस्तकं असतात. छापणारा छापखाना बंद पडलेला, शाहिराचे वारस सापडत नाहीत. पुन्हा छापायचं तर काय? ३१-अ कलमाखाली परवाना मागता येतो. त्याआधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या एका इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. भाषांतर करायचं असेल तर त्या भाषेच्या दैनिकातही. मूळ मराठीतच छापायचं असेल तर इंग्रजी पुरे! गडहिंग्लज तालुक्यातल्या शाहिराचा नातू जिथे कुठे असेल तिथे तो दिल्लीचं इंग्रजी दैनिक चाळत बसला असेल, अशी कायदा करणाऱ्यांची कल्पना दिसते. अर्ज पूर्वी कॉपीराइट मंडळाकडे जायचा, मग अपील मंडळाकडे, ते २०२१ मध्ये बरखास्त झालं, आता वाट न्यायालयाची. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं म्हणून अंतर तरी कमी झालं. पण चाळीस पानांच्या पोवाड्यासाठी कोण वकील लावणार? ही तरतूद बदलायला क्रांतीची गरज नाही. ‘त्या कृतीच्या भाषेतलं दैनिक’ एवढा शब्दबदल आणि एक साधा ऑनलाइन अर्ज पुरेल.

शिक्षेबद्दल मात्र गंभीरपणे बोलायला हवं. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते दोन लाखांपर्यंत दंड आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. सिनेमाच्या चोरट्या प्रती लाखोंनी विकणाऱ्या टोळीसाठी ते ठीक. पण कायद्याच्या शब्दांत तो फ्लेक्सवाला पोरगाही बसतो. न्यायाधीश दया दाखवतील, ही काही कायद्याची रचना होऊ शकत नाही. नफ्यासाठीची चाचेगिरी आणि अडाणीपणातली उचलेगिरी यांत फरक करणारं कलम हवं. दुसरीला सही परत छापायला लावणं आणि माफक भरपाई, एवढं पुष्कळ झालं.

राहता राहिली यंत्रं. आता तो पोरगा गुगलवर चित्र शोधतही नाही. दोन वाक्यं टाइप करतो आणि सात घोडेस्वार मिनिटात तयार. सही पुसायचीही गरज नाही. ते चित्र घडलं कशातून, याचं उत्तर आणखी अवघड आहे, कारण यंत्राने पाहिलेल्या कोट्यवधी चित्रांत कोल्हापुरी कॅलेंडर-चित्रकारांचीही असतील. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय वृत्तसंस्थेने ओपनएआयवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि सरकारने या प्रश्नावर समितीही नेमली. यंत्राला शिकायला बंदी नको, पण शिकवणीची फी कलावंतांपर्यंत पोचावी, या बाजूचा मी आहे. आणि ती फी वाटताना सगळी मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या खिशात जाऊ नये याची काळजी लतादीदी-रफी वादाच्या काळापासून आपल्याला घ्यायची राहूनच गेली आहे. यावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. ते सगळ्यांत लवकर शिळं होणार हे धरून लिहिलं आहे.

एक गैरसमज जाता जाता. आपली कविता पाकिटात घालून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवली आणि पाकीट न फोडता ठेवलं की कॉपीराइट मिळतो, असं बरेच जण सांगतात. तसं काही नाही. कॉपीराइट लिहिल्या क्षणीच असतो, नोंदणीचीही सक्ती नाही. नोंदणी केली तर वादात पुरावा म्हणून उपयोगी पडते, पाकिटाने फार तर पोस्टाचा फायदा होतो.

पुढची प्रकरणं मंडळांसाठी, शिक्षकांसाठी, शाहिरांसाठी, छपाईवाल्यांसाठी अशी वेगवेगळी वाचता येतील. सलग वाचलीच पाहिजेत असं नाही. परवानगी मागणं हे लोकांना वाटतं तितकं अवघड नसतं. प्रकाशकाचा पत्ता पुस्तकाच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर असतो, आणि शाळेच्या किंवा हौशी कार्यक्रमासाठी विचारलं तर पुष्कळ जण आनंदाने हो म्हणतात. विचारत नाही ते आपणच. तसं विचारण्याच्या पत्राचा मराठी मसुदा शेवटच्या पानांत दिला आहे. तो उतरवून घ्या, हवा तसा बदला. खाली माझं नाव घालू नका, सही तुमची करा.